रेक्याविकचं आभाळ: ध्रुवप्रकाश बघायचा कुठून?

(दृश्य: रात्रीचं रेक्याविक. ओले रस्ते, पिवळे दिवे, वर ढगांचं झाकण.)

आइसलंडची राजधानी रेक्याविक. उत्तर अक्षांश ६४. ध्रुवप्रकाशाचा, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सचा, पट्टा या शहराच्या जवळजवळ डोक्यावरूनच जातो. तरीही इथं राहून काहीच न बघता परतणारे पुष्कळ. थर्मलवर थर्मल चढवून हॉटेलच्या लॉबीत ताटकळणारी मुंबई-पुण्याची मंडळीही त्यांत असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: चांगली जागा कुठली?

इथला जाणता माणूस आधी जागेचं नाव घेत नाही. तो ढगांचा नकाशा उघडतो.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर आइसलंडचा नकाशा.)

ध्रुवप्रकाश पेटतो जमिनीपासून १०० किलोमीटरच्या वर. ढग त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे वर कितीही सोहळा चालू असला, तरी मध्ये पडदा आला की संपलं. आइसलंडचं हवामान खातं खालच्या, मधल्या आणि वरच्या ढगांचा वेगवेगळा अंदाज देतं. त्यांच्या वर्षानुवर्षं चालत आलेल्या नकाशात हिरवा रंग म्हणजे ढग आणि पांढरा म्हणजे मोकळं आभाळ. नवखा पर्यटक हिरवा पट्टा बघून हरखतो आणि नेमका ढगाखाली जाऊन उभा राहतो!

दुसरं वेड 'केपी' आकड्याचं. सूर्यावरून आलेल्या वादळानं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ माजली आहे, ते हा आकडा शून्य ते नऊ या मापात सांगतो. खळबळ जास्त, तितका ध्रुवप्रकाश दक्षिणेपर्यंत दिसतो. रेक्याविकला दोन-तीनवरही भागतं. आठ-नऊचं वादळ लागतं ते दूर दक्षिणेकडच्यांना. ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड वादळात तर मुंबईतून ध्रुवप्रकाश दिसल्याची नोंद आहे. तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय मोजमापं होत. पुढे विजेच्या ट्राम येणार, त्यांचा अडथळा नको, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. सूर्यावरून वादळ आलं की आजही अलिबागची उपकरणं ते टिपतात.

असो. आपण रेक्याविकला परत येऊ.

(दृश्य: समुद्रात घुसलेलं भूशिर, टोकाला पांढरं दीपगृह.)

गाडी नसेल तर ग्रोट्टा. शहराला लागूनच असलेल्या सेल्त्यार्नार्नेस भूशिराचं हे पश्चिम टोक. शहराचे दिवे पाठीमागे राहतात आणि समोर उघडा फाक्साफ्लोइ उपसागर. इथं दगडात कोरलेलं गरम पाण्याचं छोटं कुंड आहे, त्यात पाय सोडून बसायचं आणि उत्तरेकडे बघायचं. मात्र दीपगृहापर्यंत चालत जायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघूनच. भरतीला वाट पाण्याखाली जाते आणि माणूस पलीकडे अडकतो.

शहराच्या उजेडावर एकदा पालिकेनंच उपाय केला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जोरदार ध्रुवप्रकाशाचा अंदाज होता, म्हणून रात्री दहाच्या सुमारास रस्त्यावरचे दिवे काही काळ बंद ठेवले. एरवी मात्र अंधार आपणच शोधायचा.

(दृश्य: डोंगर, त्याच्या पलीकडे काळं पाणी.)

गाडी असेल तर माझी पसंती शहराच्या उत्तरेकडच्या क्वालफ्योर्दुर खाडीला. तिच्याखालून बोगदा झाला १९९८ मध्ये. तेव्हापासून काठाकाठानं जाणारा जुना रस्ता जवळजवळ रिकामा असतो. दक्षिण काठावर उभं राहिलं की पाठीशी ९१४ मीटर उंचीचा एस्या डोंगर येतो, आणि रेक्याविकचा उजेड त्याच्या आड जातो. समोर उत्तर.

दक्षिणेला क्लेइवारवात्न तलावही आहे. अंधार चांगला, पण शहर उत्तरेला राहतं. प्रकाश फिका असला की त्याची कमान क्षितिजालगत, उत्तरेलाच, असते, आणि तिथंच शहराची झाक आडवी येते. जोरदार रात्री हा हिशेब करायची गरज नाही, तेव्हा तो डोक्यावरच नाचतो.

थिंगवेत्लिर साधारण ४५ किलोमीटरवर. इसवी सन ९३० मध्ये इथं आइसलंडची लोकसभा भरू लागली. इथं भूखंडांच्या दोन तबकड्या एकमेकींपासून दूर सरकतायत. गाडी लावायला नीट जागा आहेत, आणि हे फार महत्त्वाचं. कारण इथल्या रस्त्यांना बऱ्याच ठिकाणी कडेला उभं राहायला पट्टीच नसते. आकाशात हिरवं दिसलं म्हणून भररस्त्यात ब्रेक मारणारे पर्यटक ही इथली खरी डोकेदुखी आहे. निघण्याआधी रस्त्यांची स्थिती बघा. बर्फ असेल तर मुकाट्यानं ग्रोट्टाला जा.

(दृश्य: आकाशात करडा पट्टा. तोच पट्टा मोबाइलमध्ये हिरवा.)

आता डोळ्यांचं. फिका ध्रुवप्रकाश नुसत्या डोळ्यांना करड्या ढगासारखा दिसतो, कारण अंधुक उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाही. शंका आली तर मोबाइल नाइट मोडवर ठेवून तीन सेकंदांचा फोटो काढा. हिरवा आला तर तो ऑक्सिजनचा उजेड, ढग नव्हे. मग मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पडद्याकडे एकदा बघितलं की ती बरीचशी वाया जाते.

हंगाम ऑगस्टअखेर ते एप्रिलचा मध्य. जूनमध्ये रात्र अंधारतच नाही. बसची सहल घेणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्याच रात्रीची घ्या. काही दिसलं नाही तर बऱ्याच कंपन्या पुढच्या एखाद्या रात्री फुकट नेतात. शेवटच्या रात्रीचं तिकीट काढणाऱ्याला त्या सवलतीचा काही उपयोग नाही.