दोन समुद्रांमधला पाट

दक्षिण फ्रान्समधल्या ‘कनाल द्यू मिदी’ या जुन्या कालव्यावरचं हे नोरूझ. वरून पाहिलं तर शेतांमधला साधा उंचवटा. पण या उंचवट्याच्या पश्चिमेला उतरलेलं पाणी अटलांटिकला मिळतं आणि पूर्वेला उतरलेलं भूमध्य समुद्राला. दोन्ही समुद्र कालव्याने जोडायचे तर बोटी इथवर चढायला हव्यात, आणि त्यासाठी ऐन माथ्यावर बारमाही पाणी हवं. ते आणायचं कुठून?

प्येर-पोल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस. त्याने पाणी हेरलं ते उत्तरेकडच्या ‘काळा डोंगर’ नावाच्या डोंगररांगेत. झाडीतून चाललेला हा अरुंद पाट नीट बघा. सगळ्या कालव्याचा जीव याच्यात आहे. ओढे अडवायचे, त्यांचं पाणी एकत्र करायचं आणि डोंगराच्या कडेकडेने नोरूझपर्यंत न्यायचं. उतार बेताचाच हवा. जास्त झाला तर पाणी काठ खातं, कमी पडला तर गाळ धरतो. उन्हाळ्याच्या बेगमीसाठी सँ-फेरेओलचं हे धरण, १६६७ साली बांधायला घेतलेलं.

कालव्यासाठी फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा हुकूम १६६६चा. पण माती उपसली ती मजुरांनी. ऐन भरात सुमारे १२,००० माणसं कामावर होती, त्यांत बायकाही होत्या. पावसाने काम थांबलं तरी रिके मजुरी देत असे. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

आता बेझिए गावाजवळचं फाँसेरान. टेकडीवर चढत गेलेले पाण्याचे हौद. बोट आत आली की मागचे दरवाजे मिटतात, वरच्या हौदातलं पाणी आत सोडतात, बोट तरंगत वर येते. मग पुढचे दरवाजे उघडतात. हौदाच्या भिंती बघा, सरळ नाहीत, बाहेरच्या अंगाला फुगीर आहेत. मागच्या मातीचा रेटा पेलायचा तर गोलाई हवी, आपल्या विहिरीसारखी. असं हौदामागून हौद करत बोट एकवीस मीटरहून जास्त चढते.

ऑक्टोबर १६८०मध्ये रिके वारला. मे १६८१मध्ये कालवा खुला झाला, अटलांटिककडे वाहणाऱ्या गारोन नदीवरच्या तूलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकाठच्या सेतजवळच्या खाजणापर्यंत, २४० किलोमीटर. गहू आणि वाइन बोटींनी जाऊ लागली. पुढे रेल्वेने तो व्यापार ओढून घेतला.

काठाची ही प्लेनची झाडं एकोणिसाव्या शतकातली. २००६पासून त्यांना बुरशीचा रोग लागलाय आणि औषध नाही. लागण झालेलं झाड तोडून जाळावं लागतं. त्यांच्या जागी आता दुसऱ्या जातींची रोपं लावताहेत.