कशाभिकेवरचे केस

बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार. मागं राजहंसगड, पुढं चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायका. पावसानं जरा उघडीप दिलीय आणि बांधाच्या कडेला तुंबलेल्या पाण्यावर हिरवट झाक आलीय.

त्यातलं थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतलं. कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही हिरवे ठिपके पळताना दिसतात. असल्या पाण्यात, ओल्या मातीत क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शैवाल राहतं. (प्रयोगशाळांतला त्याचा नेहमीचा वाण १९४५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बटाट्याच्या शेतातून निघाला. बेळगावकरांना बटाट्याचं शेत काय सांगावं!) पेशी साधारण १० मायक्रोमीटरची. पुढच्या टोकाला दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे, सेकंदाला पन्नासेक वेळा हलणारे.

या कशाभिकांना केस असतात, आणि इथं कॉलेजातला सूक्ष्मदर्शक हात टेकतो. केसाची लांबी सुमारे ८०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), जाडी जेमतेम वीसेक. म्हणून केस सुटे करून, पाण्यासकट क्षणात गोठवून, इलेक्ट्रॉनांनी त्यांची असंख्य चित्रं घेतात आणि ती संगणकावर जुळवतात. या क्रायो-इलेक्ट्रॉन तंत्राला २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

केसाची अशी तपशीलवार रचना २०२४ साली प्रसिद्ध झाली. गाभ्यात एमएसटी-३ नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू. एवढ्या लांब केसाला एकच! त्याच्याभोवती एमएसटी-१ची साखळी, चाबकाच्या दांड्याला सुतळी गुंडाळावी तशी. दोन्ही प्रथिनांत हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, ओळीनं येतं आणि त्याची ताठ मळसूत्री काडी बनते. काडीवर साखरेचे रेणू इतके दाट, की प्रथिनाला त्यांचं कवचच होतं. साखर म्हटलं की आपल्याला संकेश्वर-निपाणीकडचा ऊस आठवतो. या साखरा निराळ्या, अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज. कुठं कुठली आणि किती चिकटणार, हे हायड्रॉक्सिप्रोलीन कसं पुन्हापुन्हा येतं त्यावर ठरतं. मला तरी या रचनेतलं हेच सगळ्यात भारी वाटतं. याच घराण्यातली प्रथिनं वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतही असतात, म्हणजे त्या बायकांच्या हातातल्या रोपांतसुद्धा.

आता केसाचं मूळ. एमएसटी-३चं एक टोक कशाभिकेच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, रुतलेलं असतं. तिथं पीकेडी-२ आणि एसआयपी या प्रथिनांबरोबर मिळून ते आयनांसाठी, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंसाठी, वाट तयार करतं. पीकेडी-२ आपल्या मूत्रपिंडातही आहे. त्याच्या जनुकात बिघाड झाला की मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार जडतो. शैवालात हे प्रथिन नसेल, तर कशाभिकेवर केस टिकत नाहीत आणि पोहण्याचा वेगही घटतो.