संरक्षण करार आणि आपले मत

श्रोतेहो, नमस्कार. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘वागशीर’ ही पाणबुडी आपल्या मुंबईतच नौदलाच्या सेवेत दाखल झाली. तिचा आराखडा फ्रान्सचा, बांधणी माझगाव गोदीची. इतके निकटचे सहकार्य असूनही, फ्रान्सवर हल्ला झाला तर भारताने युद्धात उतरलेच पाहिजे असे बंधन आपल्यावर नाही, आणि आपल्यासाठी फ्रान्सवरही नाही. शस्त्रखरेदी, संयुक्त सराव, इंधन व रसदीची सोय आणि परस्परांच्या संरक्षणाची हमी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अमुक देशाशी युती करावी की करू नये, असे मत देताना आपण त्यांची सरमिसळ करतो, आणि मग ते मत कितीही कळकळीचे असले तरी त्यातून सरकारला नेमके काही कळत नाही.

अमेरिका, कॅनडा व युरोपीय देशांच्या ‘नाटो’ या लष्करी युतीच्या १९४९ च्या कराराचे पाचवे कलम एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरील हल्ला मानते. भारताने ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी केलेल्या मैत्री कराराचे नववे कलम मात्र तातडीने विचारविनिमय करून योग्य उपाय योजण्यापाशी थांबते. फिनलंडने अनेक दशके नाटोबाहेर राहणे पसंत केले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर तिथले जनमत काही आठवड्यांत पालटले आणि ४ एप्रिल २०२३ रोजी तो देश सदस्य झाला. हा पालट घाईचा वाटतो, पण त्या प्रश्नावर तिथे वर्षानुवर्षे उघड चर्चा झालेली होती.

आपल्याकडे १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी लोकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले, यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या पंडित नेहरूंना अमेरिकेकडे हवाई मदत मागावी लागली. लोकांची त्यागाची तयारी मोठीच होती. त्याआधीच्या शांततेच्या वर्षांत सरकारला जाब विचारणारे जनमत मात्र तोकडे पडले, असे माझे मत आहे.

अमेरिकेशी २०१६ मध्ये झालेल्या रसद करारासारखे निर्णय सरकार स्वतःच्या अधिकारात घेते. त्यांना संसदेची पूर्वसंमती हवीच, असे राज्यघटना म्हणत नाही. म्हणून पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय असलेल्या, आणि २००८ मध्ये समुद्रमार्गे आलेला हल्ला सोसलेल्या या शहरातील मतदारांनी आपल्या खासदारांना करार होण्याआधीच विचारले पाहिजे, की कोणत्या प्रसंगी आणि कुठवर मदत करण्याचे आपण मान्य करीत आहोत, आणि नकार देण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो की नाही.