डब्याला जोड

श्रोतेहो, नमस्कार. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावातल्या शाळेत मी गेली अनेक वर्षे पाचवी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. दरवर्षी आहाराचा पाठ जवळ आला की मला एक डबा आठवतो. आजचे बोलणे त्या डब्यापासूनच सुरू करते, कारण त्यात चूक माझी होती.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात आणि त्यांची काही मुले हंगामापुरती आमच्या वर्गात येऊन बसतात. दुपारी शाळेचा भात मिळत असला तरी बरीच मुले घरून भाकरी-चपाती आणतात. अशाच एका सहावीतल्या मुलीच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची तिखट चटणी होती. फळ्यावर मी नुकताच चौरस आहाराचा तक्ता काढला होता. त्याच्याशी ताडून पाहण्याच्या भरात मी तो डबा उचलून वर्गाला दाखवला आणि विचारले, "यात भाजी कुठे आहे? वरण कुठे आहे?" मुले हसली. तिने डबा माझ्या हातून परत घेतला, झाकण घट्ट लावले, आणि पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत ती नळापाशीच उभी राहिली. डबा आणणे तिने बंद केले होते.

खरे म्हणजे त्या डब्यात पुष्कळ काही होते. बाजरीत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा कितीतरी अधिक लोह आणि चोथा असतो, आणि शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो. कमी होती ती एखाद्या कडधान्याची, काही हिरव्या पाल्याची आणि लिंबाच्या एका फोडीची. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल तुटपुंजे असते आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, म्हणून भाकरीबरोबर मूठभर मोडाची मटकी असती तर तेच जेवण कितीतरी भरदार झाले असते. डब्यात काय नाही हे विचारण्याऐवजी आहे त्याला काय जोडता येईल हे मी विचारायला हवे होते. तेव्हापासून माझ्या वर्गात आहाराचा पाठ या प्रश्नाने सुरू होतो आणि ‘जोड’ हा शब्द मुलांच्या तोंडी बसला आहे.

जोड कशाची द्यायची, याला आधार लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्या संस्थेने जे ताट सांगितले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि भाज्या तब्बल ४०० ग्रॅम आहेत. म्हणजे निम्मे ताट भाज्या-फळांचे. आपल्याकडे मात्र तीन भाकरी आणि वाटीभर पातळ कालवण असा हिशेब असतो.

हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने गुणाकार करून सांगितले, "बाई, आमच्या घरात पाच माणसं. म्हणजे रोज दोन किलो भाजी?" त्याचे म्हणणे रास्त होते. जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू घराला, किंवा आठवड्याच्या बाजारावर चालणाऱ्या कोणत्याही घराला, उन्हाळ्यात रोज दोन किलो भाजी आणा असे सांगणे ही थट्टा ठरेल. म्हणून आम्ही विकत न घेता मिळणाऱ्या पाल्याची यादी केली. शेताच्या बांधावरची तांदळी, हरभरा कोवळा असताना खुडलेला पाला, शेवग्याची पाने अशी ती वाढत गेली. कोवळ्या हरभऱ्याचा घोळाणा मुलांच्या आज्यांना पाठ होता आणि आयांना तो करायला वेळ उरलेला नव्हता, हेही त्या निमित्ताने कळले. शाळेच्या नळाचे वाहून जाणारे पाणी आता दोन शेवग्यांना जाते.

श्रोतेहो, सगळ्यात जास्त तास मी लोहावर घालवते, आणि त्याला कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातल्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण शंभरात ३१ होते. प्रार्थनेच्या रांगेत उभ्या उभ्या घेरी येणारी, जिना चढताना कठड्याला धरून थांबणारी मुलगी पाहिली की आपण "काही खात नाही" म्हणून मोकळे होतो. पण अनेकदा ती खाते. खाल्लेले लोह अंगी लागत नाही. पालेभाज्या, धान्य आणि कडधान्यांतले लोह शरीर मुळातच कमी शोषून घेते. जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढते आणि जेवणाला लागून चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे ते घटते. सकाळी चहात बुडवून चपाती किंवा बटर खाऊन शाळेत येणे ही आपल्या भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. ती मोडायला मी सांगत नाही, कारण सांगून ती मोडत नाही असा माझा अनुभव आहे. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवा आणि कालवणावर लिंबू पिळा, एवढेच मी सांगते, आणि एवढे मुले ऐकतात.

मोडाचा प्रयोगही याच पाठातला. मुले मटकी घरी रात्रभर भिजवतात, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून वर्गात आणतात आणि दुसऱ्या दिवशी पोटली सोडून मोड मोजतात. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नगण्य असते, मोड येताना ते तयार होते, आणि लोहाला अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. हे पुस्तकात एका ओळीत आहे, परंतु स्वतःच्या पोटलीतून मटकीची पांढरी शेपटी बाहेर आलेली पाहिलेला मुलगा ती ओळ विसरत नाही. आठवड्यातून एकदा शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीबद्दलही मी याच तासाला बोलते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि शौचाला काळे होते; हे आधी कोणी सांगितलेले नसल्याने घाबरून काही मुली ती गोळी खिडकीबाहेर टाकत. जेवणानंतर घ्या, रंग बदलला तर भिऊ नका, एवढे सांगितल्यापासून खिडकीखालच्या गोळ्या कमी झाल्या आहेत.

साखरेबद्दल बोलणे आपल्या जिल्ह्यात जरा अवघड जाते. घराघरातला पैसा उसाचा आहे आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कारखान्याचे सभासद. म्हणून मी उपदेश न करता तराजू आणते. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीवरचा मजकूर मुलांनीच वाचायचा, दर १०० मिलिलिटरला लिहिलेल्या साखरेला तीनने गुणायचे आणि तेवढी साखर प्रयोगशाळेच्या तराजूत तोलून वर्तमानपत्राच्या कागदावर ओतायची. बत्तीस-तेहतीस ग्रॅमचा ढीग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेचा, शक्य असल्यास, पाच टक्क्यांहून कमी भाग यावा. २००० किलोकॅलरीचे पाच टक्के म्हणजे १०० किलोकॅलरी, आणि साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला चार या हिशेबाने २५ ग्रॅम. एका बाटलीत दिवसभराचा वाटा संपून वर उरतोच. "मग गूळ चालतो ना, बाई?" हा प्रश्न दरवर्षी येतो. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण तोही बहुतांशी साखरच आहे. शेंगदाण्याबरोबर लहानसा खडा ठीक, मूठभर नव्हे.

पालकांशी मात्र मला दुधाबद्दल बोलायचे आहे. गोठ्यात दुभती म्हैस असलेल्या घरांतली मुले सकाळी कोरा चहा पिऊन येतात, कारण दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते. त्या पैशावर घर चालते, हे मला कळते; माझे माहेरही तसेच होते. तरी वाढत्या हाडांना कॅल्शियम याच वयात लागते, तेव्हा किटली भरण्याआधी पोरांपुरते एक फुलपात्र बाजूला काढावे, ताकासाठी का होईना.

पोषण आहार योजनेत पाचवीपर्यंतच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, आणि सहावी ते आठवीला हेच दीडपट. मुले त्यातली भाजी वेचून ताटाच्या कडेला लावतात. यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही. भाजी बारीक चिरली तर ती पोटात जाते, पण मूल ती ओळखायला शिकत नाही. सध्या आम्ही आठवड्यातून एकदा ती मुलांकडूनच निवडून घेतो. स्वतः निवडलेली भाजी ती थोडी कमी टाकतात.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. पाचव्या दिवशी मी तिच्या फडावरच्या खोपीवर गेले, तिच्या आईची क्षमा मागितली आणि चटणी कशी करतात ते विचारले. त्यांनी शेंगदाणे, लाल मिरची, लसूण आणि थोडा जवस पाट्यावर वाटून दाखवला आणि माझ्या हातावर भाकरीचा चतकोर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या डब्यातली मोडाची उसळ घेऊन तिच्या शेजारी जेवायला बसले. तिने आपली चटणी माझ्या झाकणात वाढली, उसळ चाखून पाहिली आणि म्हणाली, "बाई, मीठ कमी आहे."