ताउल: भिंतीवरून उतरलेलं चित्र

(दृश्य: पहाटेचं धुकं, धुक्यातून वर आलेला मनोरा)

पिरेनीज पर्वतात, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात, बोईचं खोरं आहे. समुद्रसपाटीपासून जवळपास 1500 मीटर उंचीवर वसलेलं ताउल हे तिथलं छोटंसं गाव. दगडी घरं, उतरती छपरं आणि सगळ्यांच्या वर मान काढून उभा असलेला संत क्लिमेंतच्या चर्चचा सडसडीत, चौकोनी मनोरा. मजल्यामागून मजला वर चढत जातो आणि प्रत्येक मजल्याला कमानदार खिडक्या.

(दृश्य: चर्चचा अंतर्भाग, खांब)

या चर्चचा जन्मदिवस आपल्याला नेमका ठाऊक आहे. आतल्या एका खांबावर तो लॅटिनमध्ये रंगवून ठेवला होता: 10 डिसेंबर 1123. बार्बास्त्रोचे बिशप रामोन ऐन हिवाळ्यात इथवर आले आणि त्यांनी चर्चची प्रतिष्ठापना केली. दुसऱ्याच दिवशी, याच गावातल्या सांता मारिया चर्चचीही.

वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर एका अनामिक चित्रकाराने ख्रिस्त रंगवला. मोठे, रोखून पाहणारे डोळे. हातात उघडा ग्रंथ, त्यावर शब्द: ‘मी जगाचा प्रकाश आहे’. आणि तो निळा रंग! याच पर्वतरांगांत सापडणाऱ्या एरिनाइट नावाच्या खनिजाचा. बाजूच्या कमानीवर बायबलमधल्या गोष्टीतला, दारात बसलेला गरीब लाजरस आहे, त्याच्या जखमा चाटणारा कुत्राही आहे. मला ख्रिस्ताइतकाच तो कुत्रा आठवत राहतो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

1919 च्या सुमारास परदेशी खरेदीदार या डोंगरांत पोचले. मूर गावच्या चर्चमधली चित्रं विकली गेली. ती आज बोस्टनमध्ये आहेत. मग ताउलसारखी उरलेली चित्रं वाचवण्यासाठी बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने इटलीहून कारागीर बोलावले. चित्रावर सरस लावून कापड चिकटवायचं, वाळू द्यायचं आणि रंगाच्या पातळ थरासकट ओढून काढायचं. गुंडाळ्या झाल्या, डोंगर उतरल्या, बार्सिलोनाला गेल्या.

चित्र वाचलं, हे खरंच. पण ते या भिंतीच्या वळणासाठी, या अंधारासाठी काढलेलं होतं. संग्रहालयात त्याच्यासाठी तशीच वळणदार भिंत उभारावी लागली.

(दृश्य: अंधार, मग प्रक्षेपण)

2013 पासून इथे, ताउलच्या चर्चमध्ये, प्रकाशझोतातून ते चित्र पुन्हा भिंतीवर उमटतं. आधी रेषा, मग रंग, मग ते डोळे. काही मिनिटांनी उजेड मावळतो आणि भिंतीला चिकटून राहिलेले मूळ रंगाचे तुकडे तेवढे दिसतात.