महापौरांची डायरी

मंडळी, ‘महापौर’ हा शब्द मराठीला सावरकरांनी दिला. पुर म्हणजे शहर, आणि पौर म्हणजे शहरात राहणारा, साधा नागरिक. नागरिकांमधला थोरला तो महापौर. या शब्दात कुठेही हुकूम नाही, अंमल नाही. कायदाही तेच सांगतो. मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या, नाहीतर राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा. कारभार आयुक्तांच्या हाती. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतात, आणि अडीच वर्षांनी खुर्ची सोडतात. निविदा त्यांच्या सहीने निघत नाहीत. मग लोक विचारतात, फिती कापण्यापलीकडे यांना काम काय?

मी महापौर कार्यालयात अकरा वर्षं कारकून होतो. रोजच्या कार्यक्रमांची डायरी मी माझ्या हाताने लिहिली आहे. हा प्रश्न मला आजही लागतो.

१४ एप्रिल हा दिवस घ्या. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार. तिथून थेट अग्निशमन केंद्र, कारण १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ देशभर संचलन असतं. दुपारी रक्तदान शिबिर, संध्याकाळी मिरवणुकीचं स्वागत. मधे कुणाच्या तरी घरचं लग्न. तेही टाळता येत नाही.

एका वर्षी संचलन आटोपलं, मानवंदना झाली, गाडी सुरू करून चालक थांबलेला. आमच्या महापौर मॅडम म्हणाल्या, ‘चहा घेऊन जाऊ.’ साहेब लोकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, त्या सोडून मॅडम जवानांच्या खोलीत गेल्या. कोपऱ्यात एक गमबूट वाळत घातला होता. तळवा टाचेकडून सुटलेला, त्याला तारेने आवळलेलं. मॅडमनी तो उचलला, उलटा केला आणि विचारलं, ‘हा घालून आत जाता?’ कुणी बोलेना. मग एक जुना जवान म्हणाला, ‘संचलनाचे वेगळे ठेवलेत, मॅडम. चांगले आहेत ते.’

त्या बुटांची फाईल आधीच फिरत होती. कुठली तरी त्रुटी काढून ती परत गेली होती आणि तिथेच पडून होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा मॅडमनी खुलासा मागितला, आणि खुलासा समाधानकारक नाही म्हणून पुढच्या सभेतही मागितला. तो इतिवृत्तात आला. चार महिन्यांनी बूट आले. मॅडमनी एकही आदेश काढला नव्हता, तो अधिकारच नव्हता. पण त्या खोलीत गेल्या नसत्या तर त्या बुटाबद्दल सभागृहात विचारलं कुणी असतं?

समारंभांवरच्या खर्चाचा राग मी समजू शकतो. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये मंजूर करण्याचा विषय आला, तेव्हा हा पैसा शिक्षणाला लावा म्हणत ते एकटे विरोधात उभे राहिले. तो विरोध योग्यच होता. पण पाहुण्यासाठी कमान उभारणं वेगळं आणि महापौरांनी वस्तीतल्या हळदीकुंकवाला जाणं वेगळं. तिथे खर्च होतो तो वेळ. आणि तिथे बाई अर्ज न लिहिता, टोकन न घेता, कानाशी येऊन सांगते की नळाला पाणी रात्री दोनला येतं.

२०२२ पासून मुंबई-पुण्यासह कितीतरी महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळात अंदाजपत्रकं मंजूर झाली, रस्ते झाले, कामं थांबली नाहीत. पण आमच्या गल्लीतली माणसं मला, निवृत्त माणसाला, विचारायची, ‘आता सांगायचं कुणाला?’ महापौर नसले की काय जातं, ते मला त्या वर्षांत कळलं.

माझ्या डायरीत डाव्या पानावर कार्यक्रम असायचा, उजव्या पानावर तिथे कोण काय म्हणालं ते. ही रीत मॅडमनी घालून दिली. दिवसाला सात-आठ ठिकाणी धावलो की उजवं पान कोरं राहायचं. मॅडमना ते आवडायचं नाही, दुसऱ्या दिवशी दोन कार्यक्रम कमी करायला लावायच्या.

मुदत संपली तेव्हा उजव्या पानांवरचं न सुटलेलं सगळं त्यांनी माझ्याकडून वेगळ्या वहीत उतरवून घेतलं. नवे महापौर दुसऱ्या पक्षाचे. पहिल्या दिवशी गुच्छांच्या गर्दीतून मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. पहिली नोंद होती, स्मशानभूमीच्या रस्त्यावरचे चार दिवे बंद. त्यांनी वही मिटली, घड्याळ पाहिलं आणि चालकाला हाक मारली. अंधार पडायला अर्धा तास होता. आम्ही तिकडेच गेलो.