पहिली नजर कुठं गेली?

[टेबलावर मांडलेले फोटो. खिडकीतून येणारा उजेड.]

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका घराचा वरचा मजला. महिन्यातल्या एका रविवारी एकमेकांचे फोटो बघून त्यांवर बोलायला आम्ही इथं जमतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा तरुण, बँकेतून निवृत्त झालेले काका, येळ्ळूरहून स्कूटीवर येणारी कॉलेजची पोरगी, शहापूरच्या शिक्षिका, कॅम्पात दुकान असलेले अण्णा. फोटोवर कुणाचं पोट नाही. प्रत्येकानं आठ बाय बाराची एक प्रिंट आणायची, नाव मागच्या बाजूला लिहायचं आणि टेबलावर ठेवून द्यायची. मराठीत सुरू झालेलं वाक्य मधेच कन्नडमध्ये जातं आणि तिथंच संपतं.

एक गोष्ट मात्र इथं चालत नाही: ‘लई भारी’ म्हणून पुढच्या फोटोकडं वळणं.

कौतुकाचं आम्हाला वावडं नाही, उलट ते मनापासून हवंच असतं. पण नुसतं ‘लई भारी’ ऐकून घरी गेलेल्या माणसाला आपल्याला नेमकं काय जमलं ते कळत नाही, आणि मग ते पुन्हा जमवताही येत नाही. म्हणून चांगलं म्हणायचं तरी बोट ठेवून म्हणायचं: हा उजेड या गालावरून असा उतरलाय, तो आवडला.

[एक प्रिंट हातात. काळा दगड, खांब.]

सुरुवात ठरलेल्या प्रश्नानं होते. पहिली नजर कुठं गेली? ग्रुपमध्ये सगळ्यांत नवा असेल त्यानं आधी सांगायचं. ही पद्धत मुद्दाम पाडली आहे. काका एकदा बोलले की त्यांच्यापुढं कोण बोलणार? सगळे माना डोलावतात आणि बाकीच्यांनी काय पाहिलं ते बाहेरच येत नाही.

हा फोटो बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा. रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ साली उभं राहिलेलं हे जैन मंदिर. मंडपाच्या छतात दगडात कोरलेलं कमळ आहे, त्यावरूनच हे नाव. फोटो काढणाऱ्यानं चौकट नेटकी धरली आहे, खांब सरळ आहेत. तरी नव्यानं आलेला मुलगा म्हणतो, “दगड काळा हाय की. ह्यात राखाडी दिसालाय.”

अगदी बरोबर पकडलं त्यानं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. चौकटभर काळा दगड आला की ते उजेड वाढवतं आणि दगडाचं काळेपण निघून जातं. चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत काढायला गेलं की याच्या उलट होतं, भिंत मळकट येते. काका एवढंच सुचवतात, “परत जाशील तेव्हा एक्सपोजर मायनस एकवर ठेवून बघ, उजेड कमी होईल. आणि ती खांबांची रांग आहे तशीच घे, तिला हात लावू नको.” पुढच्या खेपेला हातांनी करता येईल असं काहीतरी मिळालं, आणि काय सांभाळायचं तेही कळलं. ‘तुला एक्सपोजर जमत नाही’ असं इथं कुणी म्हणत नाही. बोलायचं ते समोरच्या कागदाबद्दल.

[भातशेती, वाकलेल्या बायका, मागं गड.]

येळ्ळूरच्या पोरीनं मोबाइलवर काढलेला रोप लावणीचा फोटो. चिखलात वाकलेल्या बायका, पाठीमागं राजहंसगड, आणि वर निम्मी चौकट आभाळ.

काळ्या पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे आमच्याकडं कायम असतात. ते प्रिंटवर ठेवून सरकवायचे, की फोटो कापल्यावर कसा दिसेल ते सगळ्यांना एकदम दिसतं. शिक्षिका वरचा पुठ्ठा खाली आणतात. आभाळ जातं. आणखी खाली आणतात, गडही जातो. बायका आणि चिखल एवढंच उरतं. खोलीतल्या बहुतेकांना ते पटतं.

आतापर्यंत पोरगी गप्प आहे, कारण सगळ्यांचं होईपर्यंत फोटो काढणाऱ्यानं बोलायचं नसतं. मग तिला विचारतात, “तुला काय दाखवायचं होतं गं?” ती म्हणते, “गडच. आजी लावणी करताना सारखी गडाकडं बघती. गडावर ढग टेकला की पाऊस आलाच, म्हणती.”

पुठ्ठे उचलले जातात. आम्ही सुचवत होतो तो फोटो चांगला असेलही, पण तो तिचा नव्हता. आता सल्ला बदलतो. रुंद लेन्समध्ये दूरचा डोंगर बारका होतो. चार पावलं मागं सरून झूम केलं, तर बायका आहेत तेवढ्याच राहतात आणि गड मोठा होऊन त्यांच्या डोक्यावर येतो. बांधावर जागा असेल तर मागं सर. पुढच्या पावसाळ्यात आजीची मान वर झालेली असतानाच घे. आधी तिला विचारलं नसतं, तर यातलं एकही वाक्य कुणाला सुचलं नसतं. आमच्या ग्रुपमध्ये मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

ऐकून घेणाऱ्याचं काम जास्त जड असतं. ऊन चढलं होतं, समोर गर्दी होती, गाडीची वेळ झाली होती, अशी कारणं तोंडावर येतात. ती खरीही असतात, पण बघणाऱ्याला ती दिसत नाहीत. म्हणून वहीत लिहून घ्यायचं आणि लगेच उत्तर द्यायचं नाही. तिघं वेगवेगळे एकाच कोपऱ्यात अडखळले तर तिथं काहीतरी आहे. एकटाच अडखळला, तर ती त्याची आवड असू शकते. सगळंच ऐकायला गेलं की फोटो कुणाचाच राहत नाही.

गोकाकच्या धबधब्यावर तर दर पावसाळ्यात वाद होतो. सुमारे ५२ मीटरवरून कोसळणारी घटप्रभा कुणी अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून मऊ करतो. अण्णांना ते पटत नाही. त्यांच्या मते पाणी असं गढूळ असताना त्याचा दणका दिसला पाहिजे, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर हवं. दोघं आपापल्या जागी ठीक आहेत.

[वडगाव. यंत्रमागाचा आवाज.]

फाउंड्रीतल्या तरुणानं वडगावच्या एका विणकराचा फोटो आणला होता. चेहरा, हात, धागा न् धागा स्पष्ट. आम्ही सगळ्यांनी वाखाणला, आणि कारणं सांगून वाखाणला. ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रिंट नेऊन द्यायची, हा आमचा रिवाज आहे. विणकर मामांनी प्रिंट उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, “माग बंद होता काय?”

माग चालू होता. पण पाचशेव्या भागाच्या शटरनं हलणारं सगळं जागच्या जागी थांबवलं होतं. आडवा धागा नेणारा धोटा थांबला, तो धागा ठोकून बसवणारी फणी थांबली. ज्यानं उभा जन्म त्या खडखडाटात काढला, त्याला चित्र मुकं वाटलं. आमच्यातल्या एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

तरुण पुन्हा गेला. ट्रायपॉड लावला, शटर पंधराव्या भागावर आणलं. मामांना सांगितलं, मान तेवढी स्थिर ठेवा. फणी पुसट पट्ट्यासारखी आली, कापड आणि डोळे मात्र स्वच्छ. मंद शटरचा आणखी एक फायदा झाला. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, तिचे आडवे पट्टे पहिल्या फोटोत भिंतीवर उमटले होते, ते गेले.

दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी आल्या. काका अजून पहिल्याच्या बाजूनं आहेत, हातांवरच्या शिरा त्यातच दिसतात म्हणतात. शिक्षिकांना दुसरा हवा. मामांनी दुसरा ठेवून घेतला, आणि जाता जाता तरुणाला सांगितलं, “बॉबिन भरताना आमची बायको असती बघ तिकडच्या खोलीत. तिचा कोण काढत न्हाई.” तो फोटो पुढच्या बैठकीत टेबलावर येणार आहे.